सेतुमामांचे चुकीचे पक्षी

सेतुमामांनी आजवर एकाही पक्ष्याचं नाव बरोबर सांगितलेलं नाही. पाणकावळ्याला ते घार म्हणतात, खंड्याला पोपट म्हणतात, आणि एकदा जांभळ्या पाणकोंबडीचा फोटो टाकून खाली लिहिलं होतं, ‘मोराचं पिल्लू. आई जवळपास असणार.’

हे सगळं चालतं आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. चेन्नईत नोकरीला आलेली आम्ही काही मराठी माणसं सुट्टीच्या सकाळी गळ्यात दुर्बिणी अडकवून पेरुंगुडीच्या दलदलीकाठी उभी राहतो, दिसेल ते ग्रुपवर टाकतो आणि अडेल तिथे एकमेकांना नाव विचारतो. मामा आमच्यात सगळ्यांत वडील आणि एकटेच मूळचे इकडचे. तंजावरकडच्या मराठी घरातले, अड्यारला राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या बोलण्यात ‘म्हणता’चं ‘मणता’ होतं, ‘झालं’चं ‘होलं’, ‘सगळे’चं ‘अस्के’ आणि मध्येच ‘ठीक आहे’च्या जागी तमिळ ‘सरी’ येऊन बसतं.

बरं, चूक दाखवली की माणूस गप्प बसेल? छे! ‘मामा, ही घार नाही, पाणकावळा आहे,’ असं कुणी लिहायचा अवकाश, मामा हजर: ‘कसं मणता? सविस्तर सांगा.’ मग चोच, मान, शेपूट, पंख पसरून वाळवायची तऱ्हा, सगळं लिहून द्यावं लागतं. त्यावर मामा विचारणार, ‘घारीनं पंख वाळवू नये मणून कायदा आहे काय?’ अर्धा ग्रुप ऑफिसची कामं टाकून पाणकावळ्याची बाजू लढवत बसतो. शेवटी मामा लिहितात, ‘सरी. तुमी एवढं मणता तर असेल.’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बगळ्याचं बदक करून मोकळे.

फोटो मात्र असे काढतात की पीस न् पीस दिसावं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

ग्रुपचे ॲडमिन परांजपे. मोटारींच्या कारखान्यात माल तपासण्याच्या खात्यात आहेत, आणि चूक दिसली की त्यांना जेवण जात नाही. एका नव्या सभासदाने मामांच्या भरवशावर घारीचा गरुड करून पक्षीगणनेत कळवला, तेव्हा परांजप्यांचा संयम संपला. ‘मामांना ग्रुपमधून काढायचं. पण आधी कुणीतरी समक्ष सांगा,’ त्यांनी मामांच्या माघारी आम्हाला फर्मावलं. मग मला म्हणाले, ‘तू सांग. सांगलीची आहेस, तुला स्पष्ट बोलता येतं.’

मी मनाशी पक्कं ठरवलं. आज सांगायचंच. रविवारी सकाळी दलदलीकाठी पोचले तर मामा घडीच्या स्टुलावर बसून थर्मासमधली कॉफी ओतत होते. मागून रस्त्यावरचे ट्रक धडधडत होते आणि समोर शेकाटे आपले लांबलचक लाल पाय सांभाळत चिखलात हिंडत होते.

“मामा, मला तुमच्याशी थोडं बोलायचंय.”

तेवढ्यात आमच्या जवळूनच एक चिमुकला तपकिरी पक्षी ओरडत उडाला. मी दुर्बीण लावेपर्यंत पसार.

“हिरवी तुतारी,” मी सवयीने म्हणाले.

“छे. ठिपकेवाली,” मामा कॉफीवरची नजर न हलवता म्हणाले. “हिरवीचे पंख खालून काळे असतात. हिचे फिके होते. आणि आवाज ऐकलीस की? हिरवी असं ओरडत नाही.”

या दोन तुताऱ्या ओळखता याव्यात म्हणून परांजप्यांनी चष्मा बदलला होता. मी मामांकडे बघतच राहिले. मामांचा हात थर्मासवरच थांबला.

“मामा!”

“अय्यो,” ते म्हणाले. “चुकून बरोबर आलं.”

मग त्यांनी मला कॉफी दिली.

“माझी बायको तुळजा शाळेत प्राणिशास्त्र शिकवायची,” ते म्हणाले. “सकाळी मी मुद्दाम मणायचो, ते बघ, झाडावर बदक. ती तव्यावरचा दोसा सोडून यायची आणि मला बगळा शिकवायची. दोसा करपायचा. रोज. तिला ठाऊक होतं मला येतं मणून. तरी शिकवायची. ती गेल्यावर मी ग्रुपवर बरोबर नाव टाकून बघितलं. एक अंगठा येतो आणि होलं. चुकीचं टाकलं तर अस्की माणसं धावत येतात.”

परांजप्यांचा निरोप मी कॉफीबरोबर गिळून टाकला.

“कोणाला सांगू नकोस, पोरी,” मामा म्हणाले. “कळलं तर अस्के गोड बोलतील. भांडणार कोणी नाही.”

संध्याकाळी मी परांजप्यांना फोन केला. खरं कारण सांगायची सोय नव्हती, म्हणून म्हटलं, “मामांना काढायचं नाही. मी त्यांना पक्षी शिकवणार आहे.”

“तो माणूस जन्मात शिकायचा नाही.”

“मी शिकवीनच. आणि तोवर गणनेत जाणारं प्रत्येक नाव मी तपासून देईन.”

परांजपे बराच वेळ कुरकुरले. शेवटी म्हणाले, “बघ बुवा. तुझी चिकाटी दिसेल तरी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसच्या बसची वाट बघत उभी होते. ग्रुपवर फोटो आला. विजेच्या तारेवर बसलेला, अगदी रोजचा, घरगुती कावळा. खाली मामांनी लिहिलं होतं, ‘कोकिळा. नर.’

‘मामा, हा कावळा आहे,’ मी लिहिलं.

‘कसं मणता? सविस्तर सांगा.’

समोर बस येऊन थांबली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी त्याला हाताने ‘जा’ म्हटलं, कट्ट्यावर बसले आणि कावळ्याच्या चोचीपासून सुरुवात केली.