एका गळाला दोन माश्या

आपटेकाका दोन घड्याळं घालायचे. एक डाव्या मनगटावर, एक उजव्या. कुणी हसलंच तर म्हणायचे, "ब्रेकला दोन सर्किटं का असतात? एक दगा देतं म्हणून." इथं जर्मनीत, वोल्फ्सबुर्गच्या मोटारींच्या कारखान्यात माणसानं उभा जन्म ब्रेक तपासले आणि तिथली शंका रोज घरी आणली. आमच्या खालच्याच मजल्यावर राहायचे. दाराला कुलपं दोन, एकट्याला छत्र्या दोन. मूलबाळ नव्हतं. काकू म्हणायच्या, "बायको तेवढी एकच केलीत, नशीब माझं."

काकू मालवणच्या, काका कट्टर शाकाहारी. घरात मासा शिजणार नाही, हे काकांनी लग्नातच बजावलं. काकूही कमी नव्हत्या. म्हणाल्या, तुम्ही स्वतः धरून आणाल त्या दिवशीच खाईन. आणि बाईनं संसारभर मासा तोंडात घातला नाही, माहेरीसुद्धा! दोघांच्या हट्टाला माझा कोपरापासून नमस्कार.

मग काकूंना पोटाचा कॅन्सर निघाला. एक औषध हरलं, दुसरंही हरलं. काका मासेमारीच्या परीक्षेला बसले. इथं त्याशिवाय गळ टाकू देत नाहीत. मी म्हटलं, अहो काका, सुपरमार्केटात ट्राउट मासे मिळतात की. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. स्वतः धरून, असं ठरलं होतं ना.

जेवणाच्या टेबलावर चिमट्यात गळ पकडून, चष्म्यावर चष्मा चढवून ते आमिष म्हणून पिसांच्या खोट्या माश्या बांधायचे. ओढ्यावरचे बाकीचे लोक एका गळाला एक माशी बांधत. काका दोन. पुढे काळी, तिला चिकटून मागे तपकिरी. ट्राउटला एक नाही आवडली तर दुसरी. "दुसरं सर्किट," असं पुटपुटायचे. त्या पिसांच्या गर्दीत गळाचं टोकच झाकून जायचं, आणि मासा चव घेऊन निघून जायचा. दर शनिवारी हार्झ डोंगरातल्या थंड ओढ्यात उभं राहून रिकाम्या हातानं परत. काकूंना तोंड दाखवायची लाज, म्हणून आधी माझ्याकडे चहा. मला इतका राग यायचा त्यांचा. काकू अंथरुणात विरघळत चालल्या होत्या आणि हा माणूस आपला हेका सोडत नव्हता.

शेवटी मी बोललेच. "काका, काकूंपाशी वेळ नाही. एकच बांधा."

 काकांनी ब्लेड घेऊन तपकिरी माशी कापून टाकली.

त्या शनिवारी ट्राउट मिळाला. काकूंनी पलंगावरून सांगितलं तसं मी तिरफळं घालून कालवण केलं. काका स्वतः ताट घेऊन गेले, नाकाला रुमाल न लावता. काकूंनी वास घेतला, बोटभर रस जिभेवर ठेवला. पण गिळवेना.

"तुम्ही खा," त्या म्हणाल्या. "मी बघते."

जन्मात मासा न शिवलेल्या आपटेकाकांनी घास उचलला. तोंडात काटा आला तसे घाबरून काकूंकडे बघायला लागले.

"जिभेनं शोधा. घाई नको," काकूंनी सांगितलं.

काकांनी शोधला. मान खाली घालून ते सगळा मासा जेवले, आणि त्यांच्या प्रत्येक घासाला काकूंचा घसा हलत होता.