सायीची भिंत, बदामी भिंत

रंगाच्या बाबतीत माझी नजर म्हणजे नजर! आईच्या खोलीचा रंग मी झोपेतसुद्धा ओळखीन, असं घरात छातीठोकपणे सांगून बसलो होतो.

आई गेल्यापासून बाबा जुन्या घरात एकटेच. "चार दिवस येतो, करमलं तर राहीन," एवढ्यावर कसेबसे कबूल झाले. म्हणून त्यांना न सांगता आमच्या मागच्या खोलीला आईने निवडलेला तोच रंग द्यायचं ठरलं. करमायलाच हवं होतं हो!

पेंटरने भिंतीवर दोन पट्टे मारले. एक सायीचा, एक बदामी. एकोणीस-वीसचाच फरक.

"सायीचा!" मी म्हणालो.

"वेडा आहेस का? बदामी!" ताई म्हणाली. "दुकानात आईबरोबर कोण गेलं होतं? तू?"

"आणि रोज त्या भिंतीला टेकून कोण जेवायचं? तू?"

शब्दाने शब्द वाढला. "आई तुझी एकट्याची होती का रे?" म्हणत ताई रडायलाच लागली.

"जाऊ दे गं. बदामीच असेल," मी म्हणालो.

"नाही, तुझंच खरं. सायीचा," ताईने डोळे पुसले.

"अगं, बदामी म्हणतोय ना!"

"सायीचा म्हणतेय ना मी!"

झालं! पुन्हा तेवढ्याच जोरात जुंपली.

"ब्रश कशात बुडवू ते सांगा," पेंटर काकुळतीला आला. शेवटी माझ्या बायकोने निकाल दिला. दोन भिंती सायीच्या, दोन बदामी.

बाबा आले तेव्हा पेंटर सामान आवरतच होता. पिशवी हातातच धरून सगळीकडे बघत राहिले.

"हा तर तिचाच रंग."

"कुठला?" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

"कुठला म्हणजे? सगळा एकच तर आहे! मला कधीच आवडला नाही. निळा दे म्हणून जन्मभर भांडलो, पण ऐकेल तर शप्पथ!"

पेंटरने मुकाट्याने शिडी उघडली.

"खबरदार हात लावशील तर!" बाबांचा आवाज चिरकला. "तिच्याशी भांडायला आता एवढंच उरलंय."

मग पिशवीतले सगळे कपडे काढून त्यांनी कपाटात लावले. मला हुंदका आवरेना. ताईने माझा हात घट्ट धरला आणि कानाशी येऊन म्हणाली, "बघितलंस? बोलताना बदामी भिंतीकडे बघत होते."

मी मान डोलावली. पण सायीच्या भिंतीकडे बघत होते!