रंगूआत्याच्या गव्हातला सोंडकिडा

डबीत चार मेलेले सोंडकिडे असायला हवे होते. ज्ञानेश्वरीने झाकण काढलं, तर आत काठोकाठ कुंकू.

"हे बघायचंय मशिनखाली?" आदिलने विचारलं. कॉलेजचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप तोच चालवायचा, आणि तो कधीच हसायचा नाही, त्यामुळे जास्त लागायचं.

तिने घरी फोन लावला. नेवाशाहून कालच आलेल्या रंगूआत्याने उचलला.

"व्हय, मीच घासली डबी. किडं हुतं आत. सैपाकघरात किडं ठिवत्यात व्हय?"

"आत्या, तो माझा प्रोजेक्ट होता."

प्रोजेक्ट शुक्रवारी द्यायचा, त्यात सोंडेचा फोटो पाहिजेच, आणि मशिनवर तिचा नंबर आज तीनला, नंतर थेट दोन महिन्यांनी. दीड वाजला होता. तिने स्कूटर सावेडीला, घराकडे पिटाळली. गहू घरोघरी असतो, किडा मिळायला कितीसा वेळ लागणार? पण बाईमाणसाला 'तुमच्या गव्हात किडे आहेत का' विचारणं म्हणजे 'तुम्ही आंघोळ करता का' विचारण्यासारखं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

"आमच्यात?" समोरच्या विजयमालाकाकू दारातच ताठ झाल्या. "पाला घालून भरलाय वर्षाचा गहू. एक सोंडा दाखव, तुझ्या पाया पडते."

शेजारच्या पुष्पावतीकाकूंनी तर "कोण म्हणलं तुला? नाव सांग," असं धरूनच ठेवलं. तिसऱ्या दारी पोचेपर्यंत आईचा फोन आला, की तू गल्लीत काय बोलत फिरतेयस, मला चौघींनी विचारलं.

ती रडवेली होऊन घरी आली. आत्या स्वतः आणलेल्या गव्हाच्या पोत्यावर बसून होती. हलेना.

"लई लागत्यात का गं?"

"एक मिळाला तरी चालेल. मेलेला, वाळलेला असला तर उलट बरं."

आत्या उठली. सैपाकघराचं दार लावलं, पोतं सोडलं, तळाचा गहू सुपात घेतला.

"तुझ्या आईला बोलायचं न्हाई," ती म्हणाली. अकरा निघाले.

तीनला पाच कमी असताना आदिलने त्यातला एक चिकटपट्टीवर बसवला, त्यावर सोन्याचा अगदी पातळ थर दिला, आणि पडद्यावर सोंड उगवली, खाचाखाचांची, कसलेल्या पैलवानाच्या दंडासारखी. "भारी आहे," आदिल म्हणाला, आणि चक्क हसला. मग त्याने फॉर्म पुढे सरकवला. नमुना कुठून घेतला? ज्ञानेश्वरीने आनंदाच्या भरात खरं ते लिहून टाकलं.

तेच फोटोखाली छापून आलं. संध्याकाळी आईने चष्मा लावून ते ज्ञानेश्वरीच्या मोबाईलवर मोठ्याने वाचलं, "नमुना: रंगूबाईंचा गहू, नेवासा."

आत्याने हात पुढे करून मोबाईल घेतला. ज्ञानेश्वरी घाईघाईने म्हणाली, "आत्या, सोन्याचा थर देतात त्याच्यावर. नाहीतर फोटो पांढराफटक येतो."

"खरं सोनं?"

"हो."

"माझ्या गव्हातल्या किड्याला." आत्याने पदर सारखा केला आणि मोबाईल घेऊन ती सरळ गल्लीत गेली. तासभर आली नाही.

सकाळी सातला बेल वाजली. दारात विजयमालाकाकू, पदराखाली स्टीलचा डबा.

"आमच्यात नसतातच तसे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण हे बघ, सात निघाले. रंगूबाईंच्यापेक्षा मोठे आहेत."