भानुदास कोळेकर अधांतरी राहिले त्याची हकीकत

श्रीगजाननास व कुलस्वामिनीस नमन करून, आणि ज्यांनी ज्यांनी उंच जागी चढून आपले पोट भरिले त्या सर्वांचे स्मरण करून, ही हकीकत लिहितो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, वैशाख मासी, उन्हाचा कहर जाहला असता एका राज्यात जे घडले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. राज्य म्हणजे साबणाच्या मालाचे एक कोठार, परंतु ऐसे थोर की या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसास ओळखू न शके. आत लोखंडी मांडण्या छतापर्यंत गेलेल्या, आणि मांडण्यांमधल्या बोळांतून फोर्कलिफ्ट गाड्या आपले दोन लोखंडी दात पुढे काढून दिवसभर माल वर चढवीत आणि खाली उतरवीत. राज्याचे धनी परमुलखी राहत, त्यांचे दर्शन कोणास नाही, आणि कारभार सगळा मॅनेजर दिनकरराव फटांगडे यांचे हाती. दिनकरराव मनाचे वाईट नव्हते. परंतु दाराशी ट्रक उभा राहिला की त्यांस दुसरे काही सुचत नसे, आणि दाराशी ट्रक सदा उभाच असे.

त्या वर्षी धन्यांचा हुकूम आला की सर्व चाकरमंडळींस सुरक्षेची तालीम द्यावी, म्हणून वामनराव तांबडे यांस पाचारण जाहले. वामनराव पूर्वी अग्निशमन दलात होते, आणि निवृत्त जाहल्यावर या राज्यातून त्या राज्यात तेच पाठ सांगत फिरत. गुडघे गेलेले, आवाज बसलेला, आणि ऐकणारे झोपतात याचे वाईट वाटणेही एव्हाना बंद जाहलेले. त्यांचे पाठ तीन. पहिला फोर्कलिफ्टचा, की गाडीच्या दातांवर किंवा दातांवरील लाकडी फळीवर माणूस चढवू नये, वर न्यायचाच तर त्यासाठी केलेल्या पिंजऱ्यातून न्यावा. दुसरा उंचीचा, की मांडीला आणि खांद्याला पट्टा बांधावा आणि पट्ट्याच्या दोरीचा आकडा पक्क्या जागी अडकवावा. आणि तिसरा सुटकेचा, की पडलेला माणूस पट्ट्यात लोंबकळत राहिला तर त्यास खाली कैसे आणावे. पाठ कँटीनमध्ये चालले होते. पंख्याखालची जागा धरून पुढे हलिमाबी शिकलगार बसल्या होत्या, ज्या फोर्कलिफ्ट चालवीत. आणि मागे भिंतीस टेकून भानुदास कोळेकर निजले होते, जे मांडण्यांवर चढण्यात सर्वांहून तयार, म्हणून आपणांस ऐकण्यासारखे यात काही नाही ऐसे समजत. दुसरा पाठ संपला आणि दिनकरराव आत आले आणि म्हणाले की ट्रक खोळंबले आहेत, आता आटोपावे. वामनराव म्हणाले की सुटकेचा पाठ राहिला आहे. त्यावर दिनकररावांनी हसून विचारिले, “मास्तर, पट्टा बांधल्यावर माणूस पडतच नाही, मग सोडवायचं कुणाला?”

“पडतो, साहेब,” वामनराव म्हणाले. “पट्टा फक्त त्याला जमिनीला लागू देत नाही.”

दिनकरराव म्हणाले की पुढच्या खेपेस पाहू. पूर्वीचे वामनराव असते तर दारात आडवे उभे राहिले असते. परंतु ऊन फार होते, एसटी धरायची होती, आणि भांडून काय होते ते त्यांनी बहुत राज्यांतून पाहिले होते. म्हणून त्यांनी पिशवी उचलली, आणि काही अडले तर फोन करा म्हणून आपला नंबर मोठ्याने सांगितला. मंडळी उठून चालू लागली होती. हलिमाबी अगदी समोर होत्या, न लिहून घेणे बरे दिसेना, म्हणून त्यांनी तेवढा आपल्या मोबाइलमध्ये टिपून घेतला.

पुढे ज्येष्ठ मासी, भर दुपारी, वरच्या फळीवरचे एक खोके कलंडले आणि ते सरळ करावयास भानुदास वर गेले. पट्टा बांधिला होता आणि आकडाही लाविला होता, हे त्यांचे दैव. खोक्यास हात घातला, पाय घसरला, आणि भानुदास बोळात कोसळले ते निम्म्या वाटेत दोरीच्या हिसक्याने थांबले आणि तेथेच लोंबकळू लागले. खालच्या मंडळींनी प्रथम आरडाओरड केली, आणि मग ते जमिनीवर आले नाहीत हे पाहून कोणी टाळ्या पिटल्या, कोणी फोटो काढिले, आणि दिनकरराव धावत आले ते एका खोक्यावर बसून “वाचला” इतकेच म्हणाले. भानुदास स्वतः वरून हसले आणि कोणी तंबाखू वर टाकता का म्हणून विचारते जाहले. अग्निशमन दलास फोन केला, त्यांनी निघतो म्हणून सांगितले, परंतु वाटेत पुलाचे काम चालू, वेळ लागेल. मग सर्व वाट पाहत उभे राहिले, कारण वाट पाहण्यापलीकडे काही करायचे असते हे कोणास ठाऊक नव्हते. भानुदास काही वेळ बोलत होते. मग म्हणाले की पायांत मुंग्या आल्या. मग म्हणाले की मळमळते. मग कोणी काही विचारिले तर नुसती मान हलवीत, आणि मग मानही हलेना.

हलिमाबी गाडीवर बसून हे पाहत होत्या. त्यांस काय करावे हे कळत नव्हते, परंतु काही चुकते आहे हे कळले, आणि त्यांनी वामनरावांस फोन लाविला. वामनराव त्या समयी दुसऱ्या एका राज्यात पहिला पाठ सांगत होते आणि समोर निम्मी मंडळी पेंगत होती. त्यांनी सर्व ऐकून एकच विचारिले, की बोलतो आहे का. हलिमाबी म्हणाल्या, आता नाही. तेव्हा वामनरावांचा बसलेला आवाज एकदम मोठा जाहला. ते म्हणाले की मांडीच्या पट्ट्याने रक्त पायांतच अडकले आहे, पट्ट्याने वाचविलेला माणूस पट्ट्यातच जातो, कोणाची वाट पाहू नका, पिंजरा लावा आणि वर जा. पिंजरा राज्यात होता. परंतु तो मागच्या भिंतीशी उभा करून त्यात गेल्या वर्षीच्या गणपतीचे थर्माकोलचे मखर कोंबले होते. दिनकरराव म्हणाले की ते उपसण्यास वेळ कोठे आहे, फळी घ्या आणि फळीवर कोणास तरी उभे करून पाठवा. हलिमाबींनी गाडी बंद केली आणि चावी काढून मुठीत धरिली. “फळीवर माणूस मी वर नेणार नाही, साहेब. एक लटकलाय तेवढा पुरे.”

दिनकररावांनी एकवार त्यांजकडे पाहिले, एकवार वर पाहिले, आणि मग स्वतः धावत गेले आणि दोन्ही हातांनी मखर ओढून बाहेर फेकू लागले. महिरप मोडली, खांब मोडले, थर्माकोलचे पांढरे दाणे त्यांच्या केसांस आणि घामेजल्या मानेस चिकटले. मग मंडळींनी हात लाविला, पिंजरा गाडीच्या दातांवर चढविला, खिळी घालून पक्का केला. आता आत कोण जाणार म्हणता सर्व जमिनीकडे पाहू लागले. ज्याने त्याने आपल्या घरची माणसे आठविली असतील, त्यांस बोल लावण्यात अर्थ नाही. दिनकररावांनी पट्टा अंगात चढविला, एक जादा दोरी खांद्यावर घेतली, हलिमाबींचा मोबाइल स्पीकरवर करून शर्टाच्या खिशात घातला, आणि पिंजऱ्यात पाय ठेविला.

वर गेल्यावर त्यांनी प्रथम भानुदासांच्या पाठीशी दोरी जोडणारा आकडाच ओढावयास घेतला, आणि तो निघेना. वामनराव खिशातून बोलले, “आकड्याला हात लावू नका. गाडी अजून वर घ्या, त्याचे पाय तळाला टेकू द्या. दुसऱ्या दोरीनं त्याला पिंजऱ्याला बांधा. मग वरची दोरी सैल होईल, तेव्हा आकडा.” दिनकररावांनी दार उघडून भानुदासांस आत ओढून धरिले, गाडी वर घ्या म्हणून ओरडून खाली सांगितले, आणि हलिमाबींनी गाडी बोटबोट वर घेतली. भानुदासांचे पाय टेकले ते दुमडले, आणि दिनकररावांनी त्यांस कवेत धरिले, गुडघ्याने रेटून बांधिले, आणि वरची दोरी सैल पडली तेव्हा आकडा सहज निघाला. खाली आणून पट्टे सोडिले, आडवे निजविले, श्वास मंद चालू होता. तितक्यात रुग्णवाहिका आली आणि घेऊन गेली, आणि फोन बंद जाहला.

तिकडे दुसऱ्या राज्यात वामनराव फोन हातात धरून उभे होते, आणि पेंगणारे सर्व जागे होते. कोणी हळूच विचारिले की वाचला का. वामनराव म्हणाले, “ठाऊक नाही.” मग खुर्चीवर बसले, पाणी प्याले, बराच वेळ गुडघा चोळला. पहिला पाठ अर्धा राहिला होता, तो त्यांनी तसाच टाकिला आणि बसल्या बसल्याच सुटकेचा पाठ सांगू लागले.

भानुदास वाचले. मूत्रपिंडांस धक्का बसला होता म्हणून काही दिवस इस्पितळात राहावे लागले, आणि पायांत जोर येण्यास त्याहून अधिक दिवस लागले. दिनकरराव आणि हलिमाबी मोसंबी घेऊन भेटीस गेले. दिनकरराव खाटेजवळ स्टुलावर बसले. भानुदासच आधी बोलले. म्हणाले की मला फार काही आठवत नाही, तुम्ही मला धरलेत तेवढे आठवते. मग विचारिले, “साहेब, वर आलात तेव्हा तुमचा स्वतःचा आकडा कुठं लावला होता?”

दिनकररावांनी आठवून पाहिले. पट्टा बांधिला होता ते आठवले, मोबाइल ठेविला ते आठवले, पिंजऱ्याचे दार उघडून अर्धे अंग बाहेर काढून भानुदासांस ओढिले ते आठवले. “लावलाच नव्हता,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला.

हलिमाबी मोसंबे सोलीत होत्या. “मला खालून दिसत होतं,” त्या म्हणाल्या. “सांगितलं असतं तर तुमचे हातपाय गळाले असते. म्हणून मी ओरडले नाही, गाडी तेवढी हळू घेतली.” आणि त्यांनी फोडी दोघांच्या हातावर ठेविल्या.

पुढे वामनराव पुन्हा आले, तिसरा पाठ सांगितला, दिनकरराव सर्वांपुढे बसून ऐकते जाहले, आणि तरी मागच्या रांगेत दोघांस झोप लागलीच. भानुदासांस फाटकावर बैठे काम मिळाले, वर चढण्याचे नाव ते पुन्हा काढीत ना. राज्यात याउपर थोर ऐसे काही घडले नाही. एक माणूस वर गेला होता, तो खाली आणिला, आणि आणणाराही खाली आला, हीच त्या सालची कमाई. लिहिणाराचा हात दमला. लेखनसीमा.