पळपुट्याचा मळा

हाताची घडी, तोंडावर बोट. हं, आता ऐका बाळांनो.

एका जंगलात गणोजी नावाचा ससा राहायचा. वाडवडिलांचा मळा होता, विहिरीला बारमाही पाणी होतं. दुःख एकच. मळ्याचं नाव होतं ‘पळपुट्याचा मळा’.

गणोजी बाजारात आला की माकडं ओरडायची, “पळा रे, पळपुट्याची गाजरं आली!” गाजरं हातोहात खपायची, पण गणोजीचे कान खाली पडायचे.

एकदा त्यानं सगुणाआत्याला विचारलं, “आत्या, हे असलं नाव ठेवलं कुणी?”

“ठेवतंय कोण? पडलं,” आत्या गाजरं उपटता उपटता म्हणाली. “सिंहांची आणि वाघांची लढाई जुंपली. सिंहांनी माझ्या आजोबांना धरून फौजेत नेलं. पहिली डरकाळी ऐकली आणि आजोबांनी धूम ठोकली. या माळावर येऊन भीतीनं बीळ खणत सुटले. इतकं खणलं, इतकं खणलं, की पाणी लागलं. तीच ही विहीर.”

“शी! लाज वाटते मला.”

“लाज कसली मेल्या? जे लढले त्यांची नातवंडं कुठायत, दाखव बघू.”

गणोजीला हे पटलं नाही. खरी गोष्ट सहसा पटत नाहीच. तो थेट इतिहासाचार्य कोल्ह्याकडे गेला.

आचार्यांनी चष्मा पुसला. “पळपुटा? अहो, मूळ शब्द ‘बळपुत्र’! अडाण्यांनी ‘ब’चा ‘प’ केला. तुमच्या पणजोबांनी याच माळावर एकट्यानं वाघांची फौज रोखली होती.”

“पण आत्या तर म्हणते...”

“त्यांचं ऐकीव. माझं छापील असेल.”

आणि खरंच छापून आलं. गणोजीनं मळ्यावर नवी पाटी ठोकली. माकडं हार घेऊन आली. गणोजी आरशात आपली छाती मोजू लागला. आत्यानं कपाळावर हात मारला.

मग सिंहमहाराज दर्शनाला आले. सोबत सगळं जंगल. भाषण रंगात आलं होतं, तेवढ्यात त्यांची नजर वाफ्यांवर गेली.

“बळपुत्रांच्या रणभूमीत... गाजरं?”

झालं! सगळ्यांच्या भावना दुखावल्या. दुखावलेल्या भावनांनी सगळ्यांनी उभं पीक उपटलं आणि जड अंतःकरणानं खाल्लं. मळा सरकारजमा झाला. तिथं स्मारक ठरलं.

“महाराज, आम्ही राहायचं कुठं?” गणोजीनं विचारलं.

“वीराचे वंशज ना तुम्ही? त्याग करा!”

गणोजीनं त्याग केला. निदान पणजोबांचा पुतळा तरी होतोय, असं त्यानं मनाला समजावलं. अनावरणाच्या दिवशी पडदा सरकला. पुतळ्याच्या अंगावर पट्टे होते.

“अहो, हा तर वाघ!”

“नवं संशोधन,” आचार्य म्हणाले. “वाघांना रोखणारा ससा कसा असेल? वाघच असणार.”

आता मात्र गणोजी जिवाच्या आकांतानं ओरडला, “ते ससाच होते हो! आणि पळाले होते! साफ पळाले होते!”

“बळपुत्रांचा अपमान!” गर्दीनं दगड उचलले. आत्यानं त्याला कानाला धरून कसंबसं बाहेर काढलं.

हल्ली दोघं ओढ्यापलीकडे दुसऱ्याच्या रानात निंदणीला जातात. स्मारकाला तारेचं कुंपण घातलंय. फाटकावर लिहिलंय : सशांना प्रवेश नाही.

तात्पर्य : पूर्वज शक्यतो भित्रे असू द्यावेत. शूर पूर्वजांवर सगळे हक्क सांगतात. भित्र्यांवर कुणी सांगत नाही, म्हणून त्यांचं शेत तेवढं आपल्याकडे राहतं.