घोरण्याचा पुरावा

दिगंबर पाटणेला जगातल्या झाडून सगळ्या आवाजांचा त्रास व्हायचा, फक्त स्वतःच्या घोरण्याचा सोडून. आमचा फ्रीज घुरघुरतो म्हणून त्याने घरमालकाला आलेखासकट चार पानी पत्र लिहिलं होतं. मी पोहे खाताना चमचा ताटलीवर आपटतो, ही तक्रार माझ्याकडे तीनदा आली होती. आणि हाच गृहस्थ उशीला डोकं टेकलं की असा काही सुरू व्हायचा, की खालच्या मजल्यावरचा कोरियन विद्यार्थी झाडूच्या दांड्याने छत ठोकायचा. सकाळी उठून दिगंबर त्या ठोकण्याबद्दलही कुरकुर करायचा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात आम्ही दोघं एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. मी नागपूरचा, नुकताच आलेला. तो कराडचा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आणि पीएचडीत पुरता मुरलेला. त्याचा विषय होता पंख्याचा आवाज. पंखा फिरताना आवाज का करतो आणि तो कमी कसा करावा, यावर त्याची सात वर्षं गेली होती. पंखा अजून आवाज करतच होता.

कुठल्याही विधानावर त्याचा एकच प्रश्न असायचा, "डेटा आहे का?" आज थंडी जास्त आहे म्हटलं तरी डेटा, बस उशिरा येते म्हटलं तरी डेटा. एका प्राध्यापकांच्या पत्नी, लिमये काकू, आम्हा पोरांना अधूनमधून जेवायला बोलवायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "या वेळी श्रीखंड छान झालंय." हा म्हणाला, "कशाच्या कंपॅरिझनमध्ये, काकू?" काकूंनी त्याच्या ताटातली वाटी उचलून माझ्या ताटात ठेवली.

दर रविवारी तो आईसाठी कॅसेट भरायचा. फोन आईच्या घरी नव्हता आणि पत्र वाचायला तिला चष्मा सापडत नसे, म्हणून ही सोय. पण भरायची पद्धत पाहण्यासारखी होती. आधी कागदावर मुद्दे, मग घसा साफ करणं, मग बातम्या दिल्यासारखं वाचन. "मुद्दा एक, तब्येत उत्तम. मुद्दा दोन, जेवण वेळेवर. मुद्दा तीन, थंडी सोसण्याइतपत." इतकं उत्तम चाललेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

प्रत्यक्षात तब्येतीचा बोजवारा उडाला होता. कॅम्पसच्या बसमध्ये बसला की हा झोपायचा. बस गोल फिरून तीनतीनदा त्याच थांब्यावर यायची. ड्रायव्हर त्याला नावाने ओळखायचा आणि शेवटच्या फेरीला उठवायचा. स्वतःच्या सेमिनारमध्ये, स्वतःच्याच स्लाइड्स दाखवताना, अंधार झाल्याबरोबर तो उभ्याउभ्या पेंगला. या गोष्टी सांगून मी लोकांना पुष्कळ हसवलं. पण एकदा माझी गाडी चालवताना लाल सिग्नलला त्याचा डोळा लागला, आणि ब्रेकवरचा पाय सुटून गाडी चौकात सरकायला लागली. मी हँडब्रेक ओढला. त्या दिवसापासून मी ते किस्से सांगणं बंद केलं.

घोरण्याची मला सवय झाली होती. भीती वाटायची ती घोरणं थांबलं की. चांगला रंगात आलेला आवाज एकदम बंद व्हायचा. भिंतीपलीकडे काहीच नाही. मी अंथरुणात उठून बसायचो. मग गुदमरल्यासारखा एक मोठा आचका यायचा आणि गाडी पुन्हा सुरू. तिथल्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की पिट्सबर्गच्या स्लीप लॅबमध्ये जाऊन ये, झोपेत श्वास थांबत असावा. हा त्यांनाही म्हणाला होता, "डेटा आहे का?"

"अरे, डेटा काढायलाच तर जायचंय," मी म्हटलं.

"आधी प्राथमिक पुरावा लागतो. त्याशिवाय कोणी एक्सपेरिमेंट करत नाही."

म्हणून एका शनिवारी दुपारी वरणभात जेवून तो सोफ्यावर आडवा झाला, तेव्हा मी त्याचाच टेपरेकॉर्डर त्याच्या डोक्याशी स्टुलावर ठेवला आणि पंचेचाळीस मिनिटांची एक बाजू भरून काढली. उठल्यावर कॅसेट त्याच्या हातात दिली. त्याने ती ऐकलीसुद्धा नाही. "एकच सँपल. यावरून काही सिद्ध होत नाही," म्हणून टेबलावर टाकली.

तेव्हा कोणीही भारतात निघालं की गावभरच्या चीजवस्तू त्याच्या बॅगेत जायच्या. सोमवारी लिमये काकू निघाल्या होत्या, आणि त्यांचं माहेर कराडचं. दिगंबर लॅबमध्ये होता. काकू दारातूनच म्हणाल्या, "दिगंबरच्या आईची टेप न्यायची होती ना रे? दे पटकन, हे गाडीत चिडलेत." टेबलावर कॅसेट होती. मी ती दिली.

आईसाठी भरलेली कॅसेट त्याच्या खणात होती, हे संध्याकाळी कळलं.

दिगंबर चार दिवस माझ्याशी बोलला नाही. व्यवहार फ्रीजवरच्या चिठ्ठ्यांवर चालला. 'दूध संपले आहे. आणणे.' पाचव्या दिवशी फक्त एवढंच म्हणाला, "आई घाबरेल रे." मला स्वतःचा इतका राग कधीच आला नव्हता.

सहा आठवड्यांनी आईची कॅसेट आली. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होतो. त्याने खोलीचं दार लावलं नव्हतं, की लावायचं विसरला, कोण जाणे. आईचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"दिगू, तुझी टेप मिळाली. आधी वाटलं, यंत्रच बिघडलं. शेजारच्या सुमनला बोलावलं. ती म्हणाली, काकू, हा घोरतोय. मग मी एकटी बसून सगळी ऐकली. तू मधेमधे थांबतोस रे. तुझे बाबा अस्सेच थांबायचे. मी हलवायचे, की श्वास परत सुरू व्हायचा. ते गेले त्या रात्री मी घरात नव्हते, तुझ्या मावशीच्या बाळंतपणाला गेले होते. हे मी आजवर कोणाला बोलले नाही. तुझ्या प्रत्येक टेपमध्ये तब्येत उत्तम असते. ही एकच मला खरी वाटली. ज्याने पाठवली त्याचं भलं होवो. दिगू, तिथे तुला हलवणारं कोणी आहे का?"

टेप फिरत होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दिगंबर बाहेर आला. तेवीस वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, एवढंच मला ठाऊक होतं. त्याबद्दल तो कधी बोलत नसे. त्याने फोन समोर ओढला आणि म्हणाला, "पिट्सबर्गचा नंबर कुठाय?" डेटाचं नाव काढलं नाही.

स्लीप लॅबमध्ये त्याच्या डोक्याला, छातीला वायरी चिकटवल्या. मायक्रोफोन चुकीच्या जागी लावलाय, असं सांगून त्याने तो तंत्रज्ञाकडून हलवून घेतला आणि लगेच घोरायला लागला. सकाळी डॉक्टरांनी कागदाची भली मोठी चळत दाखवली. श्वास किती वेळा थांबला, याच्या खुणाच खुणा. दिगंबरने एकूण एक पान पाहिलं. "डेटा चांगला आहे," म्हणाला.

तिथून त्याला एक मशीन मिळालं. तेव्हा ते नवीनच निघालं होतं. व्हॅक्यूम क्लीनरएवढी पेटी, तिला लांब नळी आणि नळीला नाकावर बसणारा मास्क. पेटीतला पंखा हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवायचा. मास्क लावलेला दिगंबर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हसून लोळायच्या बेतात होतो. पण दुसऱ्या दिवशी तो खोलीबाहेर आला, खिडकीशी उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्हा लोकांना रोज सकाळी असं वाटतं?"

"कसं?"

"झोप झाल्यासारखं."

मग तो बसमध्ये जागा राहू लागला, आणि ड्रायव्हरने त्याच्याशी हस्तांदोलन केलं. थीसिसचं अडलेलं प्रकरण महिन्याभरात पुरं झालं. मशीनचा पंखा जास्त आवाज करतो म्हणून पात्यांचा कोन बदलायच्या सूचनांचं पत्र कंपनीला गेलं, अर्थात आलेखासकट.

दोन महिन्यांनी तपासणीला बोलावलं. सोबत एक फॉर्म होता, रुग्णाशेजारी झोपणाऱ्या व्यक्तीने भरायचा. ती व्यक्ती म्हणजे, फार तर भिंतीपलीकडचा मी. दिगंबर विचारेल म्हणून मी वाट पाहत होतो. थोडा भाव खाऊन मग हो म्हणायचं, हेही ठरलं होतं. त्याने विचारलं नाही. उलट तपासणी दोनदा पुढे ढकलली. क्लिनिकची नर्स वैतागली. तिसऱ्यांदा तिचा फोन आला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "द पर्सन लिव्ज अ लिटल फार."

शेवटी कराडहून जाडजूड पाकीट आलं. तपासणीला मीच त्याला गाडीने नेलं. वाटेत त्याने तो फॉर्म माझ्या हाती दिला. प्रत्येक इंग्रजी प्रश्नाखाली दिगंबरने बारीक अक्षरात मराठी केलं होतं, आणि पुढे पेन्सिलीने, जरा थरथरत्या अक्षरात, आईची उत्तरं होती. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि वाचलं.

रुग्णाशी नातं: आई.

रुग्णापासून किती अंतरावर झोपता: कराड.

श्वास मधे थांबतो का: मशीन लावून झोपल्याची नवीन टेप पाठवलीस, ती तीन वेळा ऐकली. थांबत नाही.

रुग्णामुळे तुमच्या झोपेत व्यत्यय येतो का: तेवीस वर्षं येत होता. परवा टेप चालू असतानाच मला झोप लागली.