अध्यक्षांकडचा पाहुणा

एल्वुड किस्लर कॉफीचा मग घेऊन परसात आला तेव्हा त्याची बायको व्हर्ना भाजीच्या वाफ्यात उभी होती आणि तिच्या हातात कोबीचा नुसता देठ होता. वाटाण्याचे शेंडे खुडलेले, सॅलडची पानं जमिनीलगत साफ, आणि अवजारांच्या खोलीखाली ताज्या मातीचा ढीग. खोली कालच्यापेक्षा जराशी डावीकडे कललेली दिसत होती.

"तुझं दैवत जेवून गेलं," व्हर्ना म्हणाली. "पोट भरलेलं दिसलं. ढेकर तेवढा ऐकू आला नाही."

दैवत म्हणजे ग्राउंडहॉग. मांजरापेक्षा मोठा, घुशीचा थोरला भाऊ शोभावा असा गलेलठ्ठ प्राणी. पेनसिल्व्हेनियाच्या त्या खोऱ्यात कुणीही शहाणा माणूस त्याला शिव्याच घालायचा. पण एल्वुड ग्रुन्डसाउ मंडळाचा सभासद होता, आणि ग्रुन्डसाउ म्हणजे हाच प्राणी. वर्षातून एकदा मंडळातले पुरुष अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जमत, गळ्यापर्यंत जेवत आणि दोन्ही हात पंजांसारखे छातीशी धरून ग्राउंडहॉगच्या केसालाही धक्का न लावण्याची शपथ घेत. मंडळाचा विषय निघाला की बोलायचं ते पणजोबांच्या जर्मन बोलीतच, असा दंडक होता. एल्वुडचे आजोबा या मंडळाचे अध्यक्ष होते, वडील अध्यक्ष होते. एल्वुड आजवर खुर्च्या मांडत आणि उचलत आला होता, आणि येत्या शनिवारी एकदाचं त्याचं नाव पुढे येणार होतं. त्याला ते पद फार, अगदी लाज वाटावी इतकं हवं होतं.

अडचण एकच होती आणि ती व्हर्नाखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. त्याला ती बोली येत नव्हती. शपथ पाठ होती, जेवणातल्या पदार्थांची नावं येत होती. बाकीच्या वेळी लोक हसले की तो हसायचा. व्हर्ना मात्र त्याच बोलीत लहानाची मोठी झाली होती. मंडळात बायकांना प्रवेश नव्हता.

"मी डॅरिलला फोन करते. रायफल घेऊन येईल तो," व्हर्ना म्हणाली. डॅरिल तिचा भाऊ.

"गोळी झाडणार? आपल्या परसात? अगं, अख्ख्या गावाला ऐकू जाईल. शनिवारी मला खुर्ची सोड, स्टूलसुद्धा देणार नाहीत."

"मग तू काय करणार ते कर. पण शनिवारनंतर माझ्या वाफ्यात एक तर मी राहीन, नाहीतर ते."

एल्वुडने पिंजरा आणायचं ठरवलं. गावातलं लोखंडी सामानाचं दुकान ल्यूथर बाखमनच्या जावयाचं, आणि अध्यक्षपदासाठी दुसरं नाव ल्यूथरचंच. म्हणून तो पिंजऱ्यासाठी गाडी काढून शेजारच्या जिल्ह्यात गेला. येताना आमिष म्हणून एक खरबूजही आणलं.

"माझ्यासाठी कधी मे महिन्यात, हंगामाआधी, असं महागाचं खरबूज आणलं नाहीस," व्हर्ना एवढंच म्हणाली.

पहिल्या दिवशी पिंजऱ्यात शेजारणीचं मांजर सापडलं. दुसऱ्या दिवशीही तेच सापडलं, आणि या खेपेला ते बाहेर यायला तयार नव्हतं. शुक्रवारी दुपारी एल्वुड पिंजऱ्यावर जुना टेबलक्लॉथ टाकून घरात येतो न येतो तोच दाराशी मंडळाचे चिटणीस मॅलन ग्रीनवॉल्ट उभे. ऐंशीच्या पुढचे, पण ताठ. निवडणुकीआधी उमेदवाराच्या घरी कॉफी घ्यायचा त्यांचा रिवाज होता. सकाळी ल्यूथरकडची कॉफी झाली होती आणि आता ल्यूथर त्यांच्याबरोबर इकडेही आला होता. का आला होता, हे एल्वुडला विचारायची गरज वाटली नाही.

चौघं मागच्या व्हरांड्यात बसले. व्हर्नाने काकवीचा केक कापला. मॅलन एल्वुडच्या वडिलांची आठवण काढत होते, तेवढ्यात अवजारांच्या खोलीमागे खाडकन आवाज झाला. मागोमाग कानठळ्या बसवणारी शिट्टी. घाबरलेला ग्राउंडहॉग तशी शिट्टी मारतो, आणि हे त्या खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

"कसली रे शिट्टी?" ल्यूथरने विचारलं.

"किटली," एल्वुड म्हणाला. "व्हर्ना, किटली बघ जरा."

"किटली मी गेल्या वर्षीच फेकून दिली," व्हर्ना म्हणाली आणि तिने ल्यूथरपुढे साय सरकवली.

"मग रेल्वे असेल."

"इथले रूळ उखडून जमाना झाला, लेका," मॅलन म्हणाले.

शिट्टी पुन्हा झाली. पाठोपाठ दात कडकडा वाजल्याचा आवाज आला. ल्यूथर रुमालाने तोंड पुसत उठला आणि पायऱ्या उतरू लागला. एल्वुड त्याच्या पुढे धावला, वाटेत आडवा उभा राहिला, गुलाबांबद्दल काहीतरी बोलला. ल्यूथरने गुलाबांकडे पाहिलंसुद्धा नाही. मॅलनही काठी टेकत मागून आले. एल्वुडला आजोबांचा हॉलमधला फोटो दिसू लागला, आणि त्यातले आजोबा तोंड फिरवत आहेत असं वाटलं.

ल्यूथरने टेबलक्लॉथ उचलला. आत ग्राउंडहॉग बसला होता, मिशांना खरबूज लागलेलं.

आता विषय मंडळाचा झाला होता. ल्यूथरने छाती फुगवली आणि बोलीतून एक लांबलचक प्रश्न विचारला. एल्वुडला त्यातलं प्रश्नचिन्ह तेवढं कळलं. उत्तर बोलीतच द्यायला हवं होतं. पकडलं, नाइलाज झाला, बायको ऐकेना, यातला एकही शब्द त्याच्याकडे नव्हता. होतं ते डुकराचं मटण, आंबवलेला कोबी, बटाटे, या, बसा, जेवा, उद्या पुन्हा या. त्याने जीव मुठीत धरून त्यातलेच शब्द एकापुढे एक ठेवले.

"तो... उद्या... जेवायला येणार."

मग मॅलननी सावकाश टोपी काढली.

"इतकी वर्षं," ते म्हणाले, आणि गहिवरून दंडकही विसरले, "इतकी वर्षं आपण तो पेंढा भरलेला टेबलावर मांडतोय. एक कान कसरीने खाल्लेला. आणि या पठ्ठ्याने साक्षात जिवंत बोलावला. वर त्याला खरबूज. एल्वुड, तुझ्या बापाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं रे."

ल्यूथरचा चेहरा पडला. पण तो हार मानणारा गडी नव्हता. "मग जेवण झाल्यावर पाहुण्याला त्याच्याच घरी सन्मानाने पोहोचवायला हवं," तोही बोली सोडून गोड हसत म्हणाला. "इथे. आम्ही सगळे येऊ सोडायला." जिल्ह्याबाहेरच्या जंगलात जाळीचं दार उघडून मोकळं व्हायचा एल्वुडचा बेत तिथेच बारगळला. त्याने व्हर्नाकडे पाहायचं टाळलं.

शनिवारी एल्वुड एकमताने अध्यक्ष झाला. पाहुणा मुख्य टेबलावर बसून गाजरं खात होता आणि म्हातारे रांगेने त्याचं दर्शन घेत होते. एल्वुडचे डोळे भरून आले. ते अगदी खरे भरून आले होते. उजेड असतानाच सगळ्या गाड्या त्याच्या घरी आल्या. सभासद टोप्या काढून वाफ्याभोवती उभे राहिले आणि नव्या अध्यक्षाने स्वतःच्या हाताने पिंजरा उघडला. पाहुणा डुलत निघाला, शेवटच्या कोबीपाशी थांबला, सगळ्यांसमक्ष तो संपवला आणि खोलीखाली अंतर्धान पावला.

तेव्हा व्हर्ना पायरीवर आली आणि बोलीतून बोलू लागली.

ती बरंच बोलली, थांबून थांबून, एकेकाकडे बघत. म्हातारे आधी चपापले, मग खुदखुदले, मग मॅलननी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. शेवटी तिने काहीतरी विचारलं आणि ती एल्वुडकडे बघत राहिली. सगळेच बघत राहिले. अध्यक्षाला "काय म्हणालीस" असं विचारण्याची सोय नव्हती. एल्वुडने दोन्ही हात पंजांसारखे छातीशी धरले. सगळ्यांनी धरले. मॅलननी काठी आपटून ठराव पक्का केला.

जाताना ल्यूथरने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "मानलं तुला," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखर आदर होता. "मला नसतं जमलं. पहिली थंडी पडून पाहुणा बिळात निजेपर्यंत, रोज."

एल्वुडने गंभीरपणे मान हलवली. शेवटची गाडी वळणाआड गेली. व्हर्नाने व्हरांड्यातली आरामखुर्ची ओढली, बसली आणि पाय कठड्यावर टेकवले.

"मी अजून जेवलेली नाही, अध्यक्ष," ती म्हणाली. "कांदे खालच्या टोपलीत आहेत. बटाटे आधी सोल."